उवा, शेंबूड आणि दामाजीचा घोडा

खिचडीची सुट्टी संपायला दहाएक मिनिटं राहिली होती. मी चौथीच्या वर्गात हजेरीचे आकडे जुळवत बसलो होतो आणि बाहेर हापशाजवळ ताटल्या धुण्याचा खणखणाट चालला होता. त्या खणखणाटातून मला माझीच कविता ऐकू आली. आधी एकदोन आवाज, मग दहाबारा. ताटलीवर ताल धरून पोरं म्हणत होती,

डोक्यात भरलाय बाजार, बाजार
उवा आल्या हजार हजार
एक म्हणते, पावशेर रगत!
दुसरी म्हणते, घेते फुकट!

खरं सांगतो, पेन खाली ठेवून मी ऐकत बसलो. माझ्या चार कविता दिवाळी अंकांत छापून आल्यात, त्यातली एक ओळ माझ्या सख्ख्या भावाला सांगता येणार नाही. आणि इथं कुणी न सांगता, ओल्या हातांनी, उन्हात उभी राहून पोरं माझी कविता अक्षरही न चुकता म्हणत होती. माणूस फुगतोच. मी मनातल्या मनात मात्रा मोजत होतो, एखादी कुठं सांडते का बघत होतो. मग पुढचं कडवं आलं.

फणी आली! पळा ग पळा!
मानेवरती झाल्या गोळा
सांगा सांगा तिचं नाव
जिच्या डोक्यात उवांचं गाव!

मी 'त्याचं नाव, ज्याच्या डोक्यात' असं लिहिलं होतं. पोरांनी 'तिचं' केलं होतं. आणि शेवटच्या ओळीनंतर क्षणभर थांबून सगळ्यांनी मिळून एक नाव घेतलं. तीन अक्षरी, तालात चपखल बसणारं. मी खिडकीशी गेलो. हापशाच्या पलीकडं, लिंबाच्या बुडाशी ती पोरगी ताटली छातीशी धरून उभी होती. आदल्याच दिवशी तिचे केस न्हाव्याकडून बारीक करून आणले होते, कानामागं वस्तऱ्याचा ओरखडा अजून लाल होता. ती रडत नव्हती. पोरांकडं बघतही नव्हती. ताटलीला चिकटलेलं एक शीत नखानं खरवडत होती.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. यमकात अडकून ते पुरेसं भोगून झालंय.

मी बाहेर जाऊन ओरडलो, पोरं पांगली, घंटा झाली, गणिताचा तासही झाला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजेरीची खूण करताना हात जड व्हायचा. पोरांचा राग मला आला नव्हता, येणार तरी कसा? 'सांगा सांगा त्याचं नाव' ही ओळ सुचली त्या रात्री मी मांडीवर थाप मारली होती. कवितेत पोरांना हात घालायला जागा ठेवावी, म्हणजे कविता त्यांची होते, असं मी शिक्षण परिषदेत दोनदा माईकवरून सांगून आलोय. जागा ठेवली. त्यांनी हात घातला.

घाण कवितांच्या नादाला मी तसा उशिरा लागलो. नोकरीची पहिली आठनऊ वर्षं मी चांदोबा, फुलपाखरू, परीराणी यांच्यातच होतो. झऱ्यावर माझ्या तीन कविता आहेत. आता हसू येतं. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, इथल्या पोरांनी पाणी खळखळताना ऐकलंय ते टँकरचा पाइप विहिरीत सोडल्यावर. ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या २०१६ च्या उन्हाळ्यात मी 'रुणुझुणु झरा' नावाची कविता लिहिली होती आणि त्यात मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. शाळेत कविता म्हणजे हात धुऊन, केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून करायची गोष्ट, असं कुठंतरी डोक्यात बसलेलं होतं.

तीच झऱ्याची कविता एका थंडीत दुसरीच्या वर्गात म्हणत होतो. पहिल्या रांगेत सतरंजीवर एक पोरगा बसला होता, त्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून दोन धारा निघाल्या होत्या. उजवी पुढं होती, डावी मागं. ओठाला टेकणार इतक्यात तो सुर्रकन ओढून घ्यायचा आणि पुन्हा हळूहळू दोन्ही खाली यायच्या. दोनतीन ओळी म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, सगळा वर्ग त्याच्या नाकाकडं बघतोय. टेकतो का ओढतो, टेकतो का ओढतो! माझ्या झऱ्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. आणि थोड्या वेळानं मीही बघायला लागलो. त्या दोन धारांत गोष्ट होती, धाकधूक होती, शेवट काय होईल याची उत्सुकता होती. माझ्या कवितेत यातलं काही नव्हतं. त्या रात्री मी चारच ओळी लिहिल्या.

शेंबूड म्हणतो, येऊ का?
ओठावरती राहू का?
बाही म्हणते, ये ना राजा,
कालचा सुकला, तू तर ताजा!

दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवल्या तर आधी वर्ग चिडीचूप. पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. सर खरंच शेंबूड म्हणाले का, की आपल्यालाच ऐकू आलं? मग मागून कुणीतरी नाकातून फिस्स केलं, आणि नंतर जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. पोरं आडवी झाली. एकानं शेजाऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. "सर, अजून एकदा म्हणा की!" "सर, लई घाण हाय!" हे 'लई घाण हाय' ज्या कौतुकानं म्हटलं गेलं, तसं कौतुक माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं. आणि तो दोन धारांचा धनी, त्यानं तर 'बाही म्हणते'ला बरोबर तालावर बाही नाकाखालून ओढली आणि सगळ्यांकडं असा बघितला, जणू कविता त्याच्या नावावर सातबाऱ्याला चढली होती. शाबितच झालं, मी स्वतःशी म्हटलं. पोरांना याचं वाईट वाटत नाही. त्या थंडीत वर्गातल्या प्रत्येक बाहीला खळ घातल्यासारखा कडकपणा आलेला होता, हे मी हिशोबात धरलंच नाही.

मग मी सुटलोच. ढेकर झाली, कानातला मळ झाला, डोळ्यातली चिपडं झाली, शेणात पडलेला पाव्हणा झाला. माणसाच्या नाकात रोज लीटरभराच्या आसपास शेंबूड तयार होतो आणि त्यातला बहुतेक आपण नकळत गिळून टाकतो, हे मी वर्गाला सांगितलं तेव्हा एका पोरीनं हात वर करून विचारलं, "सर, कलेक्टर पण गिळतेत?" गिळतात म्हटलं. त्या दिवशी शासनाबद्दलची पोरांची भीती जरा कमी झाली असावी.

हे नुसतं घाण शब्द टाकून जमत नाही, हे मात्र मला लवकर कळलं. डी.एड.ला असताना वृत्तं शिकवणाऱ्या सरांनी एकदा फळ्यावर 'पादाकुलक' असं लिहिलं आणि आमचा वर्ग फुटला. वीसवीस वर्षांची घोडी आम्ही, मागच्या बाकावरून तर आवाजही काढून झाले. सर शांत. "पाद म्हणजे चरण. चार-चार मात्रांचे चार गट, ओळीला सोळा मात्रा. तुमचं हसून झालं की टाळी वाजवून म्हणून बघा." तेव्हा हसण्यावारी नेलं, पण आज माझ्या सगळ्या शेंबडी संसाराचा पाया तोच आहे. 'शेंबूड' कागदावर पाच मात्रांचा, पण बोलताना त्याच्या 'ड'चा पाय मोडतो आणि तो चारात बसतो. 'शेंबूड म्हणतो' आठ झाल्या. 'येऊ का' सहा. उरल्या दोन. त्या दोन मात्रांत मी काहीच लिहिलेलं नाही, तिथं पोरं नाक ओढतात. सुर्र. मी न सांगता! सगळी गंमत त्या न लिहिलेल्या दोन मात्रांत आहे, आणि त्याच खोडीपायी पुढं ती उवांची कविता मी तशी रचली.

शब्दांचंही तसंच. 'नाकातील स्राव' म्हटलं की दवाखाना आठवतो. 'वायू सरणे' म्हटलं की काढ्याची बाटली. 'फुसकी' म्हटलं की मात्र वर्गातली दोन पोरं लगेच एकमेकांकडं बोट दाखवतात. हा विषय टाळून कुणालाही पोरांचा कवी होता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यावर मी कोडं केलं होतं.

पाय न्हाईत, तरी पळतो
तोंड न्हाई, तरी बोलतो
बाप कोण, कुणी सांगत न्हाई
नाकाला मात्र सोडत न्हाई

उत्तर सांगायची वेळच येत नाही, दुसऱ्या ओळीलाच वर्ग ओरडतो. मग प्रश्न येतात, आणि असे प्रश्न मला परिसर अभ्यासाच्या तासाला कधी कुणी विचारले नाहीत. वास कशाचा येतो? सांगितलं, बहुतेक वायूंना वासच नसतो, गंधकाची जोड असलेला एक चिमूटभर अंश असतो, सगळी करामत त्याची. बैल किती पादतो? त्याचा गॅस जास्त करून तोंडावाटे, ढेकरेतून जातो, खालून नाही. हे ऐकून एक पोरगा फार निराश झाला. त्याच्या घरी बैलजोडी होती.

आजी असती तर तिला हे सगळं आवडलं असतं. आमच्या लहानपणी दुपारच्याला ओट्यावर तिच्या मांडीत आळीपाळीनं डोकी जायची. कंगवा नव्हे, फणी. दोन्हीकडून बारीक दात्यांची, लाकडी, खोबरेल पिऊन काळी झालेली. ती टाळूवरून ओढली की कातडी सोलल्यासारखं वाटायचं आणि तरी सुख वाटायचं, झोप यायची. मग दोन अंगठ्यांच्या नखांमधे टच्. त्या आवाजाला मी अजून शब्द शोधतोय, टच् बरोबर नाही, तो जरा ओला होता. कधी आजी सीताफळाच्या बिया वाटून लावायची आणि फडकं गच्च बांधून बजावायची, "डोळ्यात गेलं तर आंधळा हुशील." डोळे मिटून, तो तुरट-उग्र वास घेत आम्ही बसून राहायचो आणि ती कोडी घालायची. गरीब फेकून देतो, श्रीमंत खिशात घालून घरी नेतो, सांगा काय? शेंबूड! उत्तर पाठ असूनही आम्ही दरवेळी नव्यानं खिदळायचो. रुमाल वापरणाऱ्या माणसाकडं मी आजही सरळ नजरेनं बघू शकत नाही.

आणि ओट्यावर कुणी फुसकी सोडली की चौकशी बसायची. सगळ्यांनी गोल करायचा, आजीचं बोट फिरायचं, आदापादा कोण पादा, आणि आळ जायचा दामाजीच्या घोड्यावर. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा या घोड्याशी काही संबंध नसावा, पण आम्हाला तो घोडा दिसायचा, पांढरा, जाडजूड, बिचारा. बोट शेवटी कुणावर तरी थांबायचंच, पण ते आज माझ्यावर, उद्या बहिणीवर, एकदा तर खुद्द आजीवर थांबलं होतं आणि तिनं पदर तोंडाला लावून कबूल केलं होतं.

या कवितांवरून शाळेत कुरकुर झाली नाही असं नाही. एका पालकानं येऊन विचारलं, गुरुजी, पोरगं पाव्हण्यांपुढं शेंबूड-शेंबूड करतंय, हेच शिकवता का? तेव्हाचे मुख्याध्यापकही मला बाजूला घेऊन म्हणाले की अभिरुची नावाची काही गोष्ट असते. मी गप्प बसलो. मग १० फेब्रुवारी आला. जंतनाशक गोळीचा दिवस. गोळी गिळायची नसते, शिक्षकासमोर चावून खायची असते, आणि आमच्याकडं निम्मी पोरं ती गालात दाबून बाहेर जाऊन थुंकतात. मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं,

जंतोबा जंतोबा, खाता काय?
तुझीच खिचडी, दुसरं काय!
जंतोबा जंतोबा, जाता कधी?
गोळी चावून खा की आधी!

पोरं गोळी कराकरा चावत, एकमेकांना पोट दाखवत म्हणत होती. आरोग्य केंद्रातून आलेल्या सिस्टर खूश झाल्या, त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. महिनाअखेरच्या अहवालात 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या रकान्यात जंतोबा विराजमान झाले. शेंबडात अभिरुची नव्हती, जंतात ती निघाली. असो.

एक गोष्ट मात्र मला आधीच ठाऊक होती आणि तीच जास्त टोचते. मागं एकदा मी अंथरुणात मुतण्यावर कविता केली होती. रात्री नदीला पूर येतो, गोधडीची होडी होते, आई सकाळी नकाशा वाळत घालते, असं काहीतरी. फार गमतीची झाली होती. वर्गात म्हटली तर सगळे हसले, एक सोडून. तो हसत होता, पण दात दाखवून, उशिरा, दुसऱ्यांकडं बघून. मी ती कविता घडी करून कपाटात टाकली, पुन्हा काढली नाही. म्हणजे कळत होतं. शेंबूड सगळ्यांचा, जंत सगळ्यांचे, फुसकीचा बाप कोणीही असू शकतो. ओलं अंथरूण एकट्याचं असतं. आणि हे कळत असून मी वर्षभरानं उवांवर कविता केली आणि तिच्या शेवटी नाव विचारलं.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडीला किक मारून मी तिच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला, पत्र्याचं, दारात एक शेळी आणि तिची दोन करडं. तिचे आईबाप दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले. थोरला भाऊ त्यांच्याबरोबर, ही आजीपाशी. आजी बाजेवर बसून शेंगा निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. "कोण हाय?" मी नाव सांगितलं. "बसा गुर्जी, बसा." पोरगी मला बघून आत पळाली, दाराच्या फटीतून तिच्या फ्रॉकचा निळा कोपरा तेवढा दिसत होता.

मला वाटलं होतं म्हातारी भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "केस लई झ्याक होते हो तिचे," ती म्हणाली. "हितवर." हात कमरेपाशी नेला. "पर मला दिसतंय कुठं? मोतीबिंदू उतरलाय दोन्ही डोळ्यांत. हातानं चाचपून लिखा लागतेत व्हय? रातभर खाजवायची, रगत काढायची. म्हून न्हेली न्हाव्याकडं. लई रडली." जरा थांबली, शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. मग हसल्यासारखी म्हणाली, "जनीच्या उवा इठ्ठलानं मारल्या. हिची इठाबाई तिकडं कोयता घेऊन गेली."

माझ्या तोंडून शब्द निघेना.

म्हातारीचं माहेर गंगाखेडकडचं. जनाबाईचं गाव. मी स्वतः दरवर्षी वर्गात जनाबाई शिकवतो, जातं, दळण, गोवऱ्या, सगळं. स्नेहसंमेलनात पोरींना नऊवारी नेसवून जातं फिरवायला लावतो. आणि तो अभंग मला माहीत होता, वाचलेला होता. जनी डोक्याला गांजली, विठाबाई धावत आली, तिनं बुचडा सोडला, घाईघाईनं उवा मारल्या, केस विंचरून मोकळे केले. एवढाच अभंग. पंढरीचा देव, ज्याच्या पायावर डोकं टेकायला लोक दीडदीड दिवस रांगेत उभे राहतात, तो दासीच्या मागं बसून तिच्या डोक्यातल्या उवा मारतोय. सातशे वर्षं होत आली. हा अभंग मी कधी वर्गात म्हटला नव्हता. का, तर उवा! म्हणजे मराठीत पोरांसाठी घाण विषय आणणारा मी, माझ्याच जिल्ह्यातल्या बाईनं माझ्याआधी उवांवर लिहून ठेवलेलं मीच सभ्यपणापायी गाळत आलो होतो.

गाडीवर घरी येताना आणखी एक गोष्ट मनात आली, ती अजून जात नाही. नावाची जागा तिच्या अभंगातही आहे. शेवटच्या ओळीत, ठरलेली. 'जनी म्हणे.' डोकं कुणाचं, उवा कुणाच्या, हे विचारायला तिनं दुसऱ्याकडं बोट केलं नाही. आणि आदापादा रचणाऱ्यानं, तो जो कोण असेल तो, घोडा आणून उभा केला. दोघांनाही ठाऊक होतं की ही जागा मोकळी सोडायची नसते.

पण हे नंतरचं. त्या वेळी बाजेपाशी मी नुसता बसून होतो. चहा आला, काळा, गूळ घातलेला. मग मी दाराकडं न बघता, मोठ्यानं म्हटलं, "आजी, ती कविता मी बदलायलोय. त्यात आता मह्या डोक्यातल्या उवा घालणार." आजीला कुठल्या कवितेबद्दल चाललंय हे माहीत नव्हतं. ती "बरं बरं" म्हणाली. दाराच्या आड बराच वेळ काही हललं नाही. शेळीनं लेंड्या टाकल्या, करडू त्यांवर घसरलं. मी उठायच्या बेतात होतो तेव्हा आतून आवाज आला, बारीक, पण वर्गात पाढे म्हणते तसा ठाम.

"तुमच्या डोक्याला केस कुठं हायेत?"

मी टकला आहे. कानामागून मानेपर्यंत एक झालर तेवढी उरली आहे. मी म्हटलं, "मग काय होईल?"

"घसरतेल."

सोमवारी ती आली. डोक्याला ओढणी गुंडाळून, पण आली. मी वर्गाला सांगितलं की उवांना उडता येत नाही, उड्याही मारता येत नाहीत, त्या फक्त चालतात, डोक्याला डोकं लागलं की इकडून तिकडं. धुतलेलं डोकं आणि न धुतलेलं डोकं यात त्यांना काही फरक वाटत नाही. लीख फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून औषध दुसऱ्यांदा लावावं लागतं. पोरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही. मग मी कवितेचा शेवट पुसून टाकला आणि विचारलं, ऊ मह्या डोक्यावर आली तर? दहा हात वर झाले. तिचा नव्हता. मी तिच्याकडं बघितलं नाही, फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. तेव्हा मागून आलं,

सरांच्या टकलावर ऊ घसरली
धरायला केस न्हाई, बोंबलत बसली!

दुसऱ्या ओळीत मात्रा सांडतात. मी दुरुस्त केल्या नाहीत. वर्ग त्या शेंबडाच्या दिवशी जसा आडवा झाला होता तसाच झाला आणि मी खडू हातात धरून माझं टक्कल दोनदा चोळलं, मुद्दाम. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. त्या गोंधळातही एका पोरानं जुन्या चालीवर दबक्या आवाजात तिचं नाव घेतलंच, मी ऐकलं. तिनं वळून "ए टकल्या" म्हटलं. ते त्याला होतं का मला, हे मी विचारलं नाही. सुट्टीत पोरांनी मला गराडा घातला, वहीत नवी कविता उतरवून घ्यायची होती. मी ओट्यावर वाकून बसलो आणि माझ्या वहीवर पंधरासोळा डोकी झुकली, गालाला केस, कानाला केस, खोबरेलाचा आणि घामाचा वास. ओढणीचं एक टोकही मधेच माझ्या कानावरून घासून गेलं.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर मी टीव्हीपुढं कानामागं खाजवत होतो. बायकोनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग चष्मा लावून उजेडाखाली बोलावलं. झालर वर केली. "अगं आई ग," ती म्हणाली आणि आत जाऊन माझ्या आजीची फणी घेऊन आली, जी आमच्या घरात अजून आहे हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यापुढं पाटावर मान खाली घालून बसलो. फणी मानेवरून ओढली गेली, कातडी सोलल्यासारखी. मग तो आवाज आला, टच्, ओला. हे सोमवारी वर्गात सांगावं का, आणि सांगितलं तर आधी कुणाला, याचा मी विचार करत होतो.

"हालू नका," ती म्हणाली. "लिखा पण हायेत."